कंटाळण्याचा हक्क : मराठी आत्मकथनांतले महाविद्यालय

निवृत्तीआधीची पाच वर्षे मी आमच्या महाविद्यालयातल्या समान संधी केंद्राचा सदस्य होतो. केंद्र म्हणजे प्राचार्यांच्या दालनाशेजारची एक खोली, एक कपाट, भिंतीवर फुले-आंबेडकरांच्या तसबिरी आणि टेबलावर एक तक्रारवही. वहीला लाल कापडी बांधणी होती. दर तीन महिन्यांनी आमची बैठक होई, चहा येई, वही उघडली जाई आणि ‘एकही तक्रार प्राप्त नाही’ असा ठराव लिहून आम्ही खाली सह्या करत असू. नॅकची समिती येणार होती त्या वर्षी हे सगळे ठराव एका फाइलीत लावून ‘निरंक’ हा शब्द ठळक टाइपात छापला गेला. पाच वर्षांत त्या वहीत एकच नोंद झाली होती. कुणी तरी नाव न घालता लिहिले होते : ‘मेसमधले वरण फार पातळ असते.’ हा विषय केंद्राच्या कक्षेत येत नाही, असा शेरा मारून आम्ही ती नोंद वसतिगृहाच्या रेक्टरकडे पाठवली.

तेव्हा मला त्यात वावगे वाटले नव्हते. पुढे दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने एका वेगळ्या कामासाठी पुन्हा एकदा सलग वाचायला घेतली आणि त्या निरंक वहीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. ही पुस्तके आपण वेदना, विद्रोह, नकार या शब्दांच्या खुंट्यांवर टांगून ठेवली आहेत. त्यांच्यातल्या भुकेवर, गावकुसाबाहेरच्या वस्तीवर, भाषेवर आपण पुष्कळ लिहिले. पण जवळपास प्रत्येक पुस्तकात एक शाळा आहे, बहुतेकांत एक वसतिगृह आहे आणि बऱ्याच पुस्तकांत एक महाविद्यालय आहे. ही पुस्तके शिक्षणसंस्थेविषयीची पुस्तके म्हणून आपण क्वचितच वाचली. प्रस्तुत लेखात तेवढेच करायचे आहे.

आधी एका वेगळ्या संहितेकडे वळतो, कारण साहित्याचे विद्यार्थी ती वाचत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांत समतेला चालना देण्यासाठी विनियम काढले. प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र असावे, भेदभावविरोधी अधिकारी असावा, ही तरतूद त्यातलीच. आमची लाल वही तिचेच अपत्य. विनियमांची भाषा अर्थातच कोरडी आहे. पण भेदभाव म्हणजे काय, हे सांगताना त्यात जी यादी येते ती मी दोनतीनदा वाचली. विद्यार्थ्याची जात वर्गात जाहीर करणे किंवा सूचनाफलकावर लावणे. त्याला ‘राखीव’ म्हणून संबोधणे. तो मागे पडला तर त्याचे कारण त्याच्या जातीत शोधणे. प्रयोगशाळेत शिरू देऊनही नुसते बसवून ठेवणे. वाचनगृहात वेगळी जागा नेमून देणे. पुस्तके देताना फरक करणे. वसतिगृहात, मेसमध्ये, मैदानावर वेगळे पाडणे.

प्रयोगशाळेत नुसते बसवून ठेवणे हे वाक्य कुठल्याही कारकुनाला बसल्या जागी सुचणार नाही. कुठे तरी कुणी तरी तीन तास स्टुलावर हात बांधून बसलेले असल्याशिवाय असे कलम जन्माला येत नाही. या यादीच्या मागे काय आहे ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहाच्या ठरावीक भागात हे विद्यार्थी कसे एकवटत जातात, मेसमध्ये आणि खेळाच्या मैदानावर कसे बाजूला पडतात, हे त्या अहवालात आहे. कायद्याचे कलम हे असे कित्येक आत्मकथनांचे आटवून केलेले टाचण असते. फरक एवढाच की आटवताना त्यातला माणूस उडून जातो.

आणि आणखी एक गोष्ट उडून जाते. विनियमाला तक्रार हवी असते. कुणी तरी यावे, लिहावे, तारीख घालावी, साक्षीदार द्यावा. आत्मकथने सांगतात ते नेमके या चौकटीत न मावणारे असते.

याचे माझ्या मते मराठीतले सर्वांत धारदार उदाहरण कुमुद पावडे यांचे आहे. ‘अंतःस्फोट’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यातला त्यांच्या संस्कृत शिक्षणाची हकीकत सांगणारा लेख इंग्रजी अनुवादामुळे महाराष्ट्राबाहेर बराच वाचला गेला. मराठी वर्गात तो जितका शिकवला जायला हवा तितका जात नाही. नागपूरची, दलित कुटुंबातली एक मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते, पुढे तोच विषय शिकवते. हे ऐकून लोक थक्क होतात, तिचे कौतुक करतात. लेख या कौतुकापासूनच सुरू होतो आणि लेखिका वाचकाला पहिल्याच काही ओळींत अडचणीत आणते, कारण हे कौतुक तिला टोचते. इतर कुणी संस्कृतची प्राध्यापिका झाली तर त्यात नवल नसते. नवल आहे ते तिच्या जातीचे. म्हणजे ती ज्या गोष्टीतून वर आली असे लोक मानतात, तिच्यातच ते तिला प्रत्येक शाबासकीसरशी पुन्हा नेऊन बसवतात.

या लेखातली दोन माणसे मला विसरता येत नाहीत. एक शाळेतले गोखले गुरुजी. त्यांचा वेश, त्यांची जात, त्यांची पिढी पाहून ती मुलगी मनात धास्ती बाळगून असते. प्रत्यक्षात ते तिला मायेने शिकवतात. दुसरे महाविद्यालयातले मोठे विद्वान प्राध्यापक. त्यांना तिचे संस्कृत शिकणे रुचत नाही आणि ते ती नापसंती जाणवू देतात. लेखिकेने या दोघांना समोरासमोर ठेवून कसलाही निष्कर्ष काढलेला नाही. सनातनी दिसणारा शाळामास्तर उदार निघतो आणि विद्यापीठीय विद्वत्ता आखडून बसते, एवढेच आपल्याला दिसते. संस्थेच्या समतेविषयी बोलताना आपण माणसांची वर्गवारी किती घाईने करतो, याची ही एक चपराक आहे. ती माझ्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्या मास्तरलाही बसते.

पण खरा गाभा पुढे आहे. एम. ए. झाल्यावर कुमुद सोमकुवर या नावाने तिला नोकरी मिळत नाही. अर्ज होतात, मुलाखती होतात, दिवस जातात. मग आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवरची पावडे होते आणि थोड्याच काळात शासकीय महाविद्यालयात नेमणूक होते. पदवी तीच, गुण तेच, संस्कृत तेच. लेखाच्या शेवटी ती हिशेब मांडते तेव्हा श्रेय तिच्या ज्ञानाच्या खात्यात जमा होत नाही. ते सवर्ण आडनावाच्या खात्यात जाते आणि सोमकुवर बाहेरच उभी राहते.

आता ही गोष्ट आमच्या लाल वहीत कशी लिहायची? तक्रार कुणाविरुद्ध? मुलाखत घेणाऱ्यांनी आडनाव वाचून भुवई उंचावली असेल किंवा उंचावलीही नसेल. कौतुक करणाऱ्या शेजारणीविरुद्ध कुठले कलम लावणार? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, अखेर नोकरी मिळाली. संस्थेच्या नोंदीप्रमाणे प्रश्न सुटला. समावेश झाला. आकडेवारीत एक आकडा वाढला. ‘अंतःस्फोट’चे मोठेपण हे की प्रश्न सुटल्याचा जो क्षण नोंदवहीत पडतो, नेमका तोच क्षण लेखिका पराभवाचा म्हणून लिहिते.

नावाचा हा रकाना या सगळ्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेत घालताना बापाचे नाव काय लावायचे, फीमाफीच्या कागदांवर सही कुणाची घ्यायची, हे प्रश्न भुकेइतकेच मोठे होऊन बसतात. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या पुस्तकावर आपल्या नावाच्या मधोमध आईचे नाव छापले. वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला हा मुलगा आपले नाव स्वतः भरतो, छापील रकान्याला न जुमानता. प्रवेशअर्ज ही मराठी साहित्यातली एक महत्त्वाची संहिता आहे असे मी म्हटले तर मित्र हसतात. पण एखाद्याचे संपूर्ण आयुष्य दोन इंच लांबीच्या ठिपक्यांच्या ओळीवर अडकू शकते, हे सुखवस्तू घरातल्या लेखकाला कधीच लिहावे लागले नाही, कारण त्याला ती ओळ भरताना कधी थांबावेच लागले नाही.

इथे मला ‘कोसला’ आठवते आणि काही वाचकांना हे आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ची. महाविद्यालयीन जीवनावरचे इतके अस्सल पुस्तक आपल्याकडे दुसरे नाही असे मी चाळीस वर्षे वर्गात सांगत आलो आणि अजूनही सांगेन. खानदेशातल्या सांगवी गावचा पांडुरंग पुण्यात शिकायला येतो. वसतिगृहात राहतो, वादविवाद मंडळाचा चिटणीस होतो, मेस चालवायला घेतो, तोटा अंगावर घेतो, नापास होतो, बहिणीच्या मृत्यूने मुळापासून हादरतो आणि शेवटी पदवीविना गावी परततो. पुण्याच्या शहरी, शिष्ट जगात तोही उपराच आहे. त्याचे बोलणे, कपडे, गावाकडचेपण हे सगळे त्याला बाहेरचे ठरवते. ही उपेक्षा खोटी नाही.

पण आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचली की ‘कोसला’त एक गोष्ट झळाळून दिसते. पांडुरंगाला कंटाळा येतो. भरपूर, ऐसपैस, वर्षानुवर्षे पुरणारा कंटाळा. तो तासाला बसत नाही, टेकड्यांवर भटकतो, पैसे उधळतो, परीक्षा बुडवतो. त्याच्या अपयशाने त्याच्या जातीची मान खाली जात नाही. तो नापास झाल्यावर ‘बघा, यांना सवलती देऊन काय उपयोग’ असे कुणी म्हणत नाही. आणि परतायला गावात घर आहे, शेती आहे, वडिलांशी भांडायला वडील आहेत. हे मी पांडुरंगाचा दोष म्हणून सांगत नाही. त्याचे दुःख या सोयींमुळे हलके होत नाही, हेच त्या कादंबरीचे यश. पण त्याला जे मिळाले ते संस्था सर्वांना देत नव्हती. आपल्याला सामान्य असण्याची, आळशी असण्याची, चुकण्याची मुभा आहे, ही गोष्ट त्याच्या लक्षातही येत नाही. हवा असली की ती दिसत नाही.

कुमुद सोमकुवरला कंटाळणे परवडणारे नव्हते. तिला एकतर नवल व्हायचे होते किंवा अपयश. मधली, सर्वसाधारण, सेकंडक्लासची प्रशस्त जागा, जिथे महाराष्ट्रातले बहुसंख्य प्राध्यापक सुखाने नांदले (मी त्यांतलाच एक), ती तिच्यासाठी नव्हती. समतेचे जे माप आपण लावतो त्यात प्रवेश किती झाले, जागा किती भरल्या, हे येते. ते यायलाच हवे. त्याशिवाय पुढचे बोलणे फुकट आहे. पण आत आल्यावर कोणाला सामान्य राहता येते आणि कोणाला क्षणोक्षणी आपल्या असण्याचा पुरावा द्यावा लागतो, हे माप कोणत्याच फॉर्मात नाही. मोठ्या तंत्रशिक्षण संस्थांत पहिल्याच दिवशी एकमेकांना रँक विचारतात. आकडा विचारला जातो आणि उत्तरातून भलतेच काढून घेतले जाते. प्रश्न इतका निष्पाप की वहीत लिहिला तर समितीच हसेल.

या अडचणीवर महाराष्ट्रात पूर्वी विचार झालाच नाही असे नाही. उलट, इथल्या शिक्षणाच्या इतिहासात वसतिगृह हाच वादाचा विषय राहिला. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशी समाजवार वसतिगृहे उभी राहत गेली. निरनिराळ्या जातींच्या मुलांना शहरात डोके टेकायला जागाच नव्हती. प्रत्येकाला आपले छप्पर मिळाले तरच तो शाळेच्या दारापर्यंत पोहोचेल, असा तो व्यवहारी विचार होता. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी अस्पृश्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला, परत आल्यावर शुद्धीचे स्नान करायला नकार देऊन बसला आणि बोर्डिंगमधून बाहेर पडला. त्याचे नाव भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. जातवार बोर्डिंगातून हाकललेल्या मुलाने आपल्या मिश्र बोर्डिंगाला त्या बोर्डिंगांच्या आश्रयदात्याचेच नाव स्वीकारावे, यात मला विरोधाभास दिसत नाही. आधी छप्पर लागते. मग पंगत. दोन्हींचा क्रम चुकवला की एकतर मुले रस्त्यावर राहतात किंवा आपापल्या छपराखाली अडकून पडतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यात तिसरा मार्ग काढला. दुसऱ्याच्या संस्थेत आपल्या मुलांसाठी कोपरा मागण्याऐवजी संस्थाच उभी करायची, आणि ती सर्वांसाठी खुली ठेवायची. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि उच्च शिक्षणाची वानवा असलेल्या मराठवाड्यात, जे महाविद्यालय सुरू झाले तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. म. भि. चिटणीस तिथे प्राचार्य होते. ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिणारे, दलित समाजाबाहेरून आलेले हे गृहस्थ मिलिंदच्या वाङ्मयीन वातावरणाचे एक शिल्पकार. गोखले गुरुजींची आठवण इथे सहज येते.

नागसेनवनाबद्दल भक्तिभावाने पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात भर घालत नाही. मला त्यातली एकच बाजू इथे हवी आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) या पुस्तकाचा बहुतांश भाग पोरक्या बालपणाचा, बहिणीच्या आसऱ्याचा, अन्नाच्या शोधाचा आहे. मिलिंद त्या प्रवासाच्या टोकाला येते. आजवर एकट्याने वेगळा असलेला मुलगा इथे पहिल्यांदाच अनेकांतला एक होतो. त्याच्यासारखी परिस्थिती असलेली मुले आजूबाजूला असतात, म्हणून त्याची परिस्थिती ही बातमी राहत नाही. एकदा हे ओझे खांद्यावरून उतरले की माणूस दुसरे काही तरी होऊ शकतो. कवी, आळशी, भांडखोर, नाटकवेडा, संपादक. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मिलिंदच्याच परिसरातून गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ निघाले आणि मराठी साहित्याचा नकाशा बदलला. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात रात्र रात्र गप्पा मारणाऱ्या तरुणांतून १९७२ साली दलित पँथर घडली. या सगळ्या घडामोडींचे श्रेय आपण संताप आणि विद्रोह यांना देतो. ते बरोबरच आहे. पण वसतिगृहाच्या कट्ट्यावर रिकामा वेळ घालवण्याची, कुणालाही काहीही सिद्ध न करता बसण्याची मुभाही त्यात होती. साहित्याला ही मुभा लागते. ती पांडुरंग सांगवीकरला आयती मिळाली होती. मिलिंदच्या आणि सिद्धार्थ विहारच्या मुलांना ती कुणी तरी बांधून द्यावी लागली.

मुलींना ती तिथेही फारशी मिळाली नाही, हे सांगितले पाहिजे. रात्रीच्या कट्ट्यावरच्या गप्पांत मुली नव्हत्या. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) नोकरी, मुले, संसार सांभाळून एम. ए. करणारी बाई दिसते. तिचा अभ्यास घरातल्या माणसांना अडचणीचा वाटतो. तिच्या वाट्याला वसतिगृहाची खोली नाही, कट्टा नाही, कंटाळा तर नाहीच. तिचे विद्यापीठ ओट्यापाशी, सगळे झोपल्यावर उघडते. ‘समावेशन’ हा नवा शब्द वापरणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा या दृष्टीने वाचावे.

आणि मिलिंदच्याच गावातल्या विद्यापीठाची कथा. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. साडेपंधरा वर्षे. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ या काळाच्या अगदी आरंभी आले. एका बाईचे आडनाव आणि एका विद्यापीठाचे नाव. दाराच्या पाटीवर कोणाचे नाव सहन होते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. पण समीक्षेने या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्याचे माझ्या वाचनात नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साहित्य एकेका माणसाचे असते, त्यावरून धोरण ठरवता येत नाही. मान्य. आत्मकथन म्हणजे सर्वेक्षण नव्हे. त्यात निवड असते, मांडणी असते, स्मरणाचे खेळ असतात. पण धोरणाला जे दिसत नाही ते दाखवण्याइतकी त्याची पात्रता निश्चित आहे. २०१६च्या जानेवारीत हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला आणि २०१९च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आपले आयुष्य संपवले, तेव्हा २०१२चे विनियम अस्तित्वात होते. केंद्रे होती. वह्याही असतील. या दोघांच्या आया २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यांचे म्हणणे हेच की असलेल्या नियमांची अंमलबजावणी करा. नियमांच्या नव्या मसुद्यांवर वाद त्यानंतर सुरू झाले. त्या वादांत मला पडायचे नाही. मसुदा कोणताही असो, तो तक्रारीची वाट पाहत टेबलावर बसून राहणार असेल, तर त्याच्या समोरून कुमुद सोमकुवर आजही न बोलता निघून जाईल, एवढे मात्र ‘अंतःस्फोट’ वाचलेल्या कुणालाही सांगता येईल.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

अभ्यासक्रमात दलित आत्मकथने आली तेव्हा आम्ही ती लढून आणली होती. मंडळाच्या बैठकांत आवाज चढवले होते. मी ती तळमळीने शिकवत असे. एम. ए.च्या एका वर्गात ‘अंतःस्फोट’ शिकवताना, नवलाचा आणि कौतुकाचा तो भाग आला. वर्गात एक विद्यार्थी होता, हुशार, मागच्या बाकावर बसणारा. त्याचे आडनाव मला माहीत होते. मी थांबलो आणि अतिशय आपुलकीने म्हणालो, ‘तुम्ही या परिस्थितीतून आला आहात. तुमचा अनुभव वर्गाला सांगा.’ सगळा वर्ग मागे वळला. विनियमात ज्याला वर्गात जात जाहीर करणे म्हणतात ते मी एकही अवैध शब्द न उच्चारता, डोळ्यांत पाणी आणून, नेमके त्याच लेखाच्या साक्षीने केले होते.

तो उभा राहिला. म्हणाला, ‘सर, माझे वडील बँकेत होते. आम्ही कॉलनीत राहतो. मला तसा काही अनुभव नाही.’ आणि खाली बसला. मला वाटले, तो लपवतोय. स्टाफरूममध्ये मी तसे बोलूनही दाखवले. त्याने बँकेतले वडील सांगितले ते खरे होते की खोटे, हे तपासायचा मला काय अधिकार होता, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. वर्षभर तो माझ्या तासाला नियमित बसला, पण तोंड उघडले नाही. माझ्याविरुद्ध त्याने वहीत काही लिहिले नाही. लिहिले असते तरी आम्ही काय शेरा मारला असता ते मी सांगू शकतो.

परीक्षा झाल्यावर तो पुस्तके परत करायला विभागात आला. मी विषय काढला. माफी मागायचा तो एक ओबडधोबड प्रयत्न होता आणि त्याने तो फारसा पुढे जाऊ दिला नाही. मी विचारले, वर्षभरात काय आवडले? तो म्हणाला, ‘कोसला.’ माझा चेहरा बहुधा पडला असावा, कारण तो हसला. मग उभ्याउभ्याच त्याने मला वीस मिनिटे ऐकवले, की पांडुरंग मेसमध्ये बुडतो त्याचे कारण अस्तित्ववाद वगैरे काही नाही. त्याला किराणा रोखीने घ्यायचा की उधारीने हेच कळत नाही, पाहुण्यांची ताटे तो मोजत नाही, आणि महिनाअखेरीला डाळ महाग झाली की वरण पातळ करायचे असते, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. तो स्वतः त्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या मेसचा सेक्रेटरी होता, हे मला तेव्हा कळले.